मांगरात पडून राहणारी इंजिनं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकात आंबा बागायतदारांसाठी बरंच छापून येतं. तुडतुडे, करपा, थ्रिप्स, कॅनिंगचा दर, वाशीला पेट्या किती गेल्या. मी सगळं वाचते. पण ज्या इंजिनाच्या जिवावर आपण फवारण्या करतो, ते शेवटच्या फवारणीनंतर सात-आठ महिने कुठे आणि कसं पडून असतं, यावर कोणी चार ओळी लिहिलेल्या माझ्या तरी वाचनात नाहीत. म्हणून हे पत्र. लांबलं आहे याची कल्पना आहे. कापायचंच झालं तर पेट्रोलचा भाग तेवढा ठेवा.

मी देवगड तालुक्यातली. अठ्ठावीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, आता निवृत्त आहे. सासऱ्यांनी कातळ फोडून लावलेली पासष्ट कलमं आहेत, यजमान गेल्यापासून ती मीच बघते. फवारणीसाठी आमच्याकडे एचटीपी पंप आहे, म्हणजे मोठ्या दाबाने औषध उडवणारा. त्याला साडेपाच हॉर्सपॉवरचं पेट्रोल इंजिन, फोर स्ट्रोक, १६३ सीसी. इथल्या बहुतेक बागांत असतं तसंच.

गेल्या वर्षी मार्चमध्ये शेवटची फवारणी झाली. टाकीत दीड लिटरभर पेट्रोल उरलं होतं. काढायला सांगणार होते, पण म्हटलं राहू दे, पुढच्या खेपेला उपयोगी पडेल. वर मोठ्या हौसेने निळं प्लास्टिक गुंडाळलं, सुतळीने गच्च बांधलं आणि पंप मांगरात, म्हणजे बागेतल्या सामानाच्या खोपीत, युरियाच्या अर्ध्या गोणीशेजारी, जमिनीवर ठेवून दिला. या एका वाक्यात मी किती चुका केल्या ते मला नोव्हेंबरात कळलं.

पाऊस उशिरापर्यंत रेंगाळला. पालवी आली तशी पहिल्या फवारणीची घाई झाली. दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या वेळापत्रकात पहिली फवारणी मोहोराच्या आधीची, ती चुकली की तुडतुडे मोहोरावर आधीच तयार बसलेले असतात. तीन गडी सकाळी सातला हजर. औषध बॅरलमध्ये कालवून तयार. दोरी ओढली, नुसताच फुसफुस आवाज. चोक लावून, चोक काढून, प्लग पुसून, गड्यांनी आळीपाळीने चाळीस-पन्नास वेळा तरी ओढली असेल. एकाच्या तळव्याला फोड आला. दहा वाजता मी रोज देऊन त्यांना परत पाठवलं. कालवलेलं औषध वाया गेलं ते वेगळंच.

पंप रिक्षात घालून तिठ्यावरच्या मिस्त्रीकडे नेला. त्याने प्रश्न एकच विचारला, "काकीनू, पेट्रोल कधीचा?"

"मार्चचं."

"मार्चचा पेट्रोल नोव्हेंबरात? त्येका आता पेट्रोल म्हणा नको, काढो म्हणा."

कार्बोरेटरच्या, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाच्या, खाली एक वाटी असते, तिचा बोल्ट त्याने सोडला आणि खाली पांढरी बशी धरली. त्या बशीत जे आलं ते मी विसरणार नाही. कोऱ्या चहाच्या रंगाचं पाणी, पेट्रोलच्या वासाऐवजी जुन्या रोगणासारखा आंबूस वास, आणि तळाला घरंगळणारे पाण्याचे वेगळे थेंब. वाटीच्या आतून पांढरट भुकटी धरलेली, पानाला लावायच्या चुन्यासारखी. बोटाने खरवडली तर खाली ॲल्युमिनियमला बारीक खड्डे पडलेले. मग त्याने जेट काढला. पितळेचा एवढासा स्क्रू, मध्ये मिलिमीटरहून बारीक भोक, त्यातूनच सगळं पेट्रोल इंजिनात चढतं. त्याने तो उन्हाकडे धरला आणि माझ्या डोळ्यासमोर आणला. "ह्या भोकातसून सूर्य दिसाक व्हयो." काही दिसत नव्हतं. भोकात पिवळा डिंक बसला होता, आंब्याच्या खोडावर सुकतो तसा. वायरीतली तांब्याची एक तार सोलून, तिने आणि स्प्रेने त्याने तो हळूहळू मोकळा केला. जेटमध्ये सुई किंवा पोलादी तार घालायची नाही, भोक एकदा मोठं झालं की इंजिन पेट्रोल पिऊ लागतं, हेही त्याने तेव्हाच सांगितलं.

एवढ्यावर भागलं नाही. सायलेन्सरच्या तोंडात कुंभारीण माशीने मातीचं घर बांधलं होतं. पेन्सिलीने फोडलं तर आत अर्धमेल्या हिरव्या अळ्या, तिच्या पिल्लांसाठी कोंबून ठेवलेल्या. एअर फिल्टरच्या स्पंजचा एक कोपरा उंदराने नेला होता. गच्च प्लास्टिकच्या आत पावसाळाभर घाम धरून टाकीच्या झाकणाला आणि दोरीच्या स्प्रिंगला गंज चढला होता. युरियाची गोणी ज्या बाजूला होती, त्या बाजूचे बोल्ट जास्त खाल्लेले. मजुरी, नवा प्लग, नवा स्पंज, नवी वाटी धरून साडेअकराशे रुपये झाले. फवारणी नऊ दिवस पुढे गेली. त्या नऊ दिवसांची किंमत मी अजून मांडलेली नाही, आणि मांडणारही नाही.

लाज वाटण्याचं कारण वेगळंच आहे. हा धडा आमच्या घराने आधी एकदा घेतला होता. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ तिकडे रायगडात धडकलं, तेव्हा दिरांनी धास्तीने छोटा पेट्रोल जनरेटर घेतला. टाकी तोंडापर्यंत भरली, एकदा चालवून दाखवला आणि पडवीत झाकून ठेवला. "जनरेटर आसा मा, मगे कसली भिती!" असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. साधारण साडेअकरा महिन्यांनी, १६ मे २०२१ च्या रविवारी, तौक्ते वादळ आमच्या किनाऱ्याला घासून गेलं. कलमं मुळासकट आडवी झाली, वाडीतले विजेचे खांब वाकले, आणि जनरेटर काही केल्या चालू होईना. विहिरीवरचा पंप बंद, म्हणून चार दिवस राहाटाने पाणी काढलं. तेव्हा मी दिरांना हसले होते. आता दीर मला हसतात.

आता पेट्रोलबद्दल. पूर्वीही पेट्रोल ठेवून खराब व्हायचंच. त्यातला हलका भाग उडून जातो, उरलेला हवेशी मिसळून चिकट होतो, आणि इंजिन सुरू व्हायला नेमका तो हलका भागच लागतो. त्यामुळे सगळं खापर इथेनॉलवर, म्हणजे उसापासून वगैरे बनवून पेट्रोलमध्ये मिसळतात त्या अल्कोहोलवर, फोडणाऱ्यांशी मी सहमत नाही. पण आपल्या हवेत इथेनॉलने भर घातली आहे, हे खरं. जून २०२२ मध्ये देशात पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉलचं उद्दिष्ट गाठलं गेलं, २०२३ पासून वीस टक्क्यांचं पेट्रोल निवडक पंपांवर मिळू लागलं आणि २०२५ मध्ये ते देशभर झालं. मूळ मुदत २०३० ची होती. घाटावरचा ऊस आता आमच्या टाकीत उतरला म्हणायचं. उसाला माझा विरोध नाही. परदेशी तेलाचा खर्च वाचतो आणि शेतकऱ्याला दोन पैसे मिळतात, हेही मला कळतं. रोज चालणाऱ्या गाडीत पेट्रोल आठवड्या-दोन आठवड्यांत संपतं, तिथे पाणी धरायला त्याला वेळच मिळत नाही. फवारणीच्या पंपात ते सात महिने बसतं.

इथेनॉल पाणी ओढतं. सिंधुदुर्गात पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, कपाटातल्या साड्यांना बुरशी येते, मिठाच्या बरणीत पाणी सुटतं. टाकीच्या झाकणाला बारीक छिद्र असतं. दिवसा टाकी तापते, हवा बाहेर जाते, रात्री थंड होते, ओली हवा आत येते. जून ते सप्टेंबर ती असा श्वास घेत राहते. पाण्याचं प्रमाण एका हद्दीपलीकडे गेलं की इथेनॉल पेट्रोलला सोडून पाण्याबरोबर तळाला जाऊन बसतं. दहा टक्क्यांच्या पेट्रोलला त्यासाठी लिटरमागे चहाचा एक चमचा पाणी पुरतं. वीस टक्क्यांचं त्याहून जास्त पाणी पोटात सांभाळतं, पण ओढतंही जास्त. आणि इंजिनाला पेट्रोल जातं ते टाकीच्या तळातूनच.

हे मला पुस्तकातून माहीत होतं, पण डोळ्याने बघायचं होतं. शाळेतून निवृत्त होताना आणलेलं शंभर मिलिलिटरचं मोजपात्र घरात होतं. खळ्यात, चुलीपासून लांब बसून त्यात दहा मिलिलिटर पाणी घेतलं आणि वर शंभरच्या रेघेपर्यंत ताजं पेट्रोल घातलं. तोंड बंद करून हलवलं, ठेवून दिलं. थोड्या वेळाने दोन थर दिसले, पण खालचा थर दहावर नव्हता. तो अठ्ठावीसच्या किंचित खाली होता. नव्वद मिलिलिटर पेट्रोलमधलं जवळजवळ अठरा मिलिलिटर इथेनॉल पाण्याकडे निघून आलं होतं. शेजारची दहावीतली मुलगी बघत होती, ती म्हणाली, "बाई, हे परीक्षेला का नाही विचारत?" (वर राहिलेलं पेट्रोल कोणी शहाणपणाने इंजिनात घालू नये. त्यात पाण्याचा अंश असतो आणि इथेनॉल गेल्याने त्याचा ऑक्टेनही, म्हणजे इंजिनात ठोके न देता जळण्याचा गुणही, उतरलेला असतो. मी ते काजूच्या बुंध्यातल्या वाळवीवरही टाकलं नाही, मिस्त्रीला भाग धुवायला देऊन टाकलं.)

यंदा मार्चमध्ये मिस्त्रीला घरी बोलावलं आणि त्याच्या समोर सगळं स्वतःच्या हाताने केलं. औषधाचा अंश राहू नये म्हणून पंपातून आधी दोन कळशा साधं पाणी चालवलं. मग इंजिन गरम असतानाच जुनं ऑइल काढून नवं भरलं, अर्ध्या लिटरच्या थोडं वर लागतं. लोक म्हणतात नवं ऑइल पुढच्या हंगामात भरू. पण जुन्या ऑइलमध्ये जळलेल्या पेट्रोलची आंबट घाण आणि पाणी असतं, ते सात महिने बेअरिंगांवर कशाला ठेवायचं? इंजिन पूर्ण निवल्यावर टाकी रिकामी केली. ताजं पेट्रोल होतं, ते त्याच दिवशी स्कूटरमध्ये गेलं. मग इंजिन पुन्हा चालू करून, आपोआप बंद पडेपर्यंत चालवलं. इथेच बहुतेक जण थांबतात. पण बंद पडल्यावरही वाटीत घोटभर पेट्रोल उरतंच, आणि डिंक होतो तो त्याचाच. म्हणून वाटीचा बोल्ट सोडून तेही काढलं. रिकामी पत्र्याची टाकी आतून गंजते, त्यासाठी तिच्यात दोन चमचे ऑइल टाकून गोल गोल फिरवलं.

मग प्लग काढून भोकातून एक चमचा ऑइल आत सोडलं, दोरी दोन-तीनदा सावकाश ओढली आणि प्लग परत बसवला. शेवटी दोरी ओढत ओढत जिथे हाताला जड लागते, तिथे सोडून दिली. तिथे पिस्टन दाबावर असतो आणि दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात, ओली हवा सिलिंडरमध्ये शिरत नाही. मला या सगळ्यात ही युक्ती फार आवडली. पैसे लागत नाहीत, पाना लागत नाही, फक्त योग्य जागी थांबायचं.

सायलेन्सरच्या तोंडात कापडाचा बोळा घातला आणि त्याला लाल चिंधी बांधून बाहेर लोंबती ठेवली, नाहीतर नोव्हेंबरात मी बोळ्यासकट दोरी ओढायची. पंप जमिनीवर न ठेवता फळीवर ठेवला. वर जुनी सुती चादर टाकली. खताच्या, मिठाच्या गोणी दुसऱ्या कोपऱ्यात नेल्या. एवढं करायला दीड तास लागला, चहा धरून.

काही जण म्हणतात, पडू द्यायचंच कशाला, दर आठवड्याला दोन मिनिटं चालू करावं. दोन मिनिटांत इंजिन धड गरम होत नाही. जळण्यातून तयार झालेलं पाणी सायलेन्सरमध्ये आणि ऑइलमध्येच राहतं. चालवायचं तर भार देऊन पंधरा-वीस मिनिटं चालवा, नाहीतर झोपू द्या. ग्रासकटरची गोष्ट वेगळी. तो आमच्याकडे पावसातच चालतो आणि त्याचं पेट्रोल ऑइल मिसळलेलं असतं. पण दिवाळीनंतर तोही तसाच खुंटीला लटकतो, आणि त्याच्या पोटातलं मिश्रण पुढच्या आषाढापर्यंत तसंच राहतं.

याबाबतीत आमच्या खालच्या वाडीतले मच्छीमार आम्हा बागायतदारांपेक्षा शहाणे. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. त्याआधीच ते आउटबोर्ड मशीन, म्हणजे होडीच्या मागे लावायचं इंजिन, काढून, गोड्या पाण्याच्या पिंपात उभी करून चालवतात, आतलं खारं पाणी धुऊन काढतात, पेट्रोल संपवतात आणि घरात उभीच टांगून ठेवतात. त्यांना हे कोणी प्रशिक्षण देऊन शिकवलेलं नाही. भर दर्यात मशीन बंद पडलं तर काय होतं, हे त्यांना ठाऊक आहे, एवढंच. आमचा पंप बंद पडला तर आम्ही रिक्षा बोलावतो.

आता तक्रारी दोनच.

पहिली विक्रेत्यांबद्दल. पंप घेतला तेव्हा दुकानातल्या मुलाने एका दोरीत चालू करून दाखवला, माझा आणि पंपाचा फोटो काढला आणि गेला. बंद करून कसा ठेवायचा, हे त्यानेही सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. सोबतची पुस्तिका इंग्रजीत, अक्षर मुंगीएवढं. पंप बिघडल्यावर चष्मा बदलून ती वाचली, तर शेवटून तिसऱ्या पानावर वर लिहिलेलं बहुतेक सगळं होतं. विज्ञानाच्या बाईंनी पुस्तिका वाचली नाही, हा दोष माझाच. पण माझ्या जावेच्या मुलाने महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर अर्ज करून अनुदानातून ग्रासकटर घेतला, त्याच्याही खोक्यात मराठीचं एक अक्षर नाही. तालुक्यात दर वर्षी अशी किती यंत्रं येतात. टाकीवर मराठीत पाच ओळींचा कागद चिकटवायला किती खर्च येईल? "महिन्याहून जास्त बंद ठेवणार असाल तर टाकी आणि कार्बोरेटरची वाटी रिकामी करा," एवढं एक वाक्य असलं तरी पुरे.

दुसरी पेट्रोल पंपांबद्दल. कॅनमध्ये पेट्रोल द्यायला नकार मिळतो. सुरक्षेचं कारण मला पटतं. पाण्याच्या बाटलीत पेट्रोल नेणारे महाभाग मीही बघितले आहेत, आणि तीच बाटली पुढे घरात पाण्याशेजारी ठेवलेलीही. पण फवारणीचा पंप किंवा ग्रासकटर स्वतःच्या चाकांवर पेट्रोल भरायला जाऊ शकत नाही. होतं असं की, ओळखीने एकदा मिळालं की माणूस पाच लिटरची गरज असताना दहा घेतो, पुन्हा देतील न देतील म्हणून. मग उरलेलं मांगरात किंवा पडवीत महिनोन् महिने राहतं. त्याची वाफ हवेपेक्षा जड, ती जमिनीलगत सरपटत चुलीपर्यंत जाते. म्हणजे घरात साठा नको म्हणून जो नकार, त्यानेच साठा होतो. सातबारा किंवा यंत्राची पावती बघून, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, लागेल तेवढं दोन-तीन लिटर पेट्रोल देण्याची काही सोय जिल्हा पातळीवर करता आली, तर ती आम्हाला हवी आहे. पेट्रोलच्या धंद्यातल्या जाणकारांनी यावर आपल्याच दैनिकात लिहावं. नियमाची दुसरी बाजू असेल तर मला ती ऐकायची आहे.

आत्ता मे सुरू आहे. पेट्या भरण्याच्या गडबडीत कोणाला इंजिनाकडे बघायला सवड नाही, आणि ही गडबड संपते तोवर वळवाचे ढग येतात. ज्यांचे पंप मार्चपासून पेट्रोलसकट पडून आहेत, त्यांच्या पेट्रोलला दोनच महिने झाले आहेत, अजून काढून टाकण्याजोगं असेल. म्हणून विनंती की हे पत्र छापणार असाल तर मृगाच्या आत छापा. जुलैत छापलंत तर ते वाचून फक्त आमच्या तिठ्यावरचा मिस्त्री खूश होईल.

कळावे,
आपली,
देवगड तालुक्यातील एक आंबा बागायतदार
(नाव छापू नये. दिरांना जनरेटरची गोष्ट आवडणार नाही.)